कर गेला, तरी राग का आला?

विजेचं बिल हातात पडलं की बहुतेकांची नजर आधी भरायच्या रकमेवर जाते. ती जास्त वाटली तरच आपण वर सरकतो: स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. यातली एखादी ओळ उद्या सरकारनं काढून टाकली, तर रागावेल कोण? रकमेत घट झाली म्हणून सगळे खूशच होतील.

ऑस्ट्रेलियात 17 जुलै 2014 रोजी नेमकं हेच घडलं. टोनी अ‍ॅबट यांच्या सरकारनं कार्बनवर लावलेली किंमत रद्द केली. सिनेटमध्ये 39 विरुद्ध 32 अशी मतं पडली आणि देशाचं सर्वांत मोठं हवामानविषयक धोरण त्या दिवशी संपलं. विजेचे दर उतरले, सत्ताधारी आनंदले, रस्त्यावर मोठा उद्रेक झाला नाही. धोरण मोडण्यात राजकीय धोका नाही, असाच निष्कर्ष कुणीही काढला असता.

आठ वर्षांनी, मे 2022 मध्ये, अ‍ॅबट यांच्याच लिबरल पक्षानं सिडनी, मेलबर्न आणि पर्थमधले आपले पिढ्यान् पिढ्यांचे मतदारसंघ गमावले. ते जिंकणाऱ्या अपक्ष स्त्रियांच्या प्रचारात हवामानाचा मुद्दा अग्रभागी होता. जो निर्णय झाला तेव्हा लोकांना आवडला, त्याच दिशेच्या राजकारणावर लोक पुढे इतके का रागावले? आणि त्या रागाला आठ वर्षं का लागली?

चौकट: कार्बनची किंमत म्हणजे काय?

कोळसा, वायू किंवा तेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. जाळणाऱ्याला त्याची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. नुकसान मात्र सगळ्यांचं होतं. म्हणून सरकार दर टनामागे किंमत ठरवतं. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2012 पासून ती टनाला 23 ऑस्ट्रेलियन डॉलर होती. पैसे सामान्य नागरिक थेट भरत नव्हता. मोठी वीजकेंद्रं, कारखाने आणि खाणी भरत होत्या. कोळशाची वीज महागली की कमी प्रदूषण करणारी वीज तिच्याशी स्पर्धा करू शकते, हा त्यामागचा विचार. 2015 पासून हा ठरलेला दर जाऊन बाजारात ठरणारा दर यायचा होता.

दिसणारा खर्च, न दिसणारी भरपाई

ही योजना आणणाऱ्या ज्युलिया गिलार्ड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारला ठाऊक होतं की कंपन्या हा खर्च ग्राहकांच्या बिलात टाकणार. अर्थखात्याचा अंदाज असा होता की सरासरी कुटुंबाचा खर्च आठवड्याला 9 डॉलर 90 सेंट वाढेल. म्हणून सरकारनं सरासरी 10 डॉलर 10 सेंटची भरपाई योजली. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा 6,000 डॉलरवरून एकदम 18,200 डॉलरवर नेली, निवृत्तिवेतन वाढवलं, मुलांसाठी मिळणाऱ्या भत्त्यात भर घातली. हिशेब मांडला तर सरासरी कुटुंबाचं नुकसान नव्हतंच. कमी उत्पन्नाच्या अनेक घरांना उलट थोडे पैसे उरत होते.

तरीही लोकांना आपण लुबाडले गेलो असंच वाटत राहिलं. कारण पैसे जाण्याची आणि येण्याची वाट वेगवेगळी होती. वाढलेला दर दर तिमाहीला विजेच्या बिलावर यायचा. काही राज्यांत तर कार्बनच्या किमतीमुळे बिल किती वाढलं, हे बिलावर छापलेलंही असायचं. भरपाई मात्र पगारातून होणाऱ्या करकपातीत मुरून गेली. पगारातून दर पंधरवड्याला काही डॉलर कमी कापले गेले, हे कुणाच्या लक्षात येणार? लक्षात आलं तरी त्याचा संबंध कार्बनशी कोण जोडणार?

त्यात आणखी एक गोष्ट घडली. विजेचे दर त्याआधीच्या काही वर्षांपासून चढतच होते. त्याचं मुख्य कारण तारा, खांब आणि उपकेंद्रं यांच्यावर वितरण कंपन्यांनी केलेला प्रचंड खर्च. पण खांबांच्या खर्चाला विरोधी पक्षाची घोषणा नव्हती, ‘कार्बन करा’ला होती. पोलाद कारखान्याचं ‘व्हायअ‍ॅला’ हे गाव या करामुळे नकाशावरून पुसलं जाईल, असं अ‍ॅबट सभांमधून सांगत होते. गाव आजही जागेवर आहे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅनकर ओल्सन यांनी 1965 मध्ये एक सूत्र मांडलं होतं. ज्या निर्णयाचा तोटा थोड्या लोकांवर ठळकपणे पडतो आणि फायदा पुष्कळांमध्ये विरळ वाटला जातो, त्यात तोटा होणारे थोडे लोक संघटित होतात, फायदा होणारे पुष्कळ गप्प बसतात. कोळसा खाणींच्या मालकांना नेमकं काय वाचवायचं आहे ते माहीत होतं. 2050 सालच्या हवेचा फायदा ज्यांना होणार, त्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेले नव्हते.

शब्द मोडल्याचा राग

लोकांच्या रागाचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिचा टनांशी किंवा डॉलरशी संबंध नाही.

त्याआधी, 2007 मध्ये, मजूर पक्षाचेच केविन रड हवामानबदल हे आपल्या पिढीपुढचं मोठं नैतिक आव्हान आहे असं सांगत सत्तेवर आले. त्यांचं उत्सर्जन-व्यापार विधेयक 2009 मध्ये सिनेटनं दोनदा फेटाळलं. विरोधकांनी ते अती कडक म्हणून नाकारलं, तर पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षानं अती सौम्य म्हणून. एप्रिल 2010 मध्ये रड यांनी योजना बासनात गुंडाळली आणि त्यांची लोकप्रियता झपाट्यानं कोसळली. या योजनेमुळे विजेचं बिल एका पैशानंही वाढलं नव्हतं. पण ज्याला हा माणूस नैतिक आव्हान म्हणतो ते अडचण येताच सोडून देतो, मग त्याच्या बाकीच्या शब्दांचं काय, असा प्रश्न लोकांना पडला. जूनमध्ये त्यांच्याच पक्षानं त्यांना हटवलं.

त्यांच्या जागी आलेल्या गिलार्ड यांची चूक उलट दिशेची होती. माझ्या सरकारात कार्बन कर नसेल, असं त्यांनी ऑगस्ट 2010 च्या निवडणुकीत सांगितलं. त्रिशंकू संसदेत ग्रीन्स आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर सरकार चालवताना फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी कार्बनला किंमत लावण्याची घोषणा केली. धोरण चांगलं असूनही ‘खोटं बोलल्या’ हा शिक्का त्यांच्यावरून शेवटपर्यंत निघाला नाही.

अ‍ॅबट मात्र कर रद्द करू, असं उघड सांगूनच सप्टेंबर 2013 ची निवडणूक लढले आणि 150 पैकी 90 जागा त्यांच्या आघाडीला मिळाल्या. त्यांनी दिलेला शब्द पाळला. म्हणून 2014 मध्ये फसवणुकीचा राग नव्हता. ज्यांना धोरण जाण्याचंच दुःख होतं, तेवढेच लोक उरले.

ते उरलेले लोक काय करत होते?

ते गप्प बसले नव्हते. सत्तेवर येताच सरकारनं हवामान आयोग बंद केला. शास्त्रज्ञांचं मत सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचवणारी ही सरकारी संस्था होती आणि टिम फ्लॅनरी तिचे प्रमुख होते. काही दिवसांतच त्याच मंडळींनी ‘क्लायमेट कौन्सिल’ या नावानं स्वतंत्र संस्था सुरू केली आणि लोकांकडे वर्गणी मागितली. आठवड्याभरात सुमारे दहा लाख डॉलर जमले. त्यातले बहुतेक देणगीदार साधे नागरिक होते. नोव्हेंबर 2013 मध्ये देशभरच्या सभांना हजारो लोक आले.

मला यातली देणगीची गोष्ट मोर्चांपेक्षा महत्त्वाची वाटते. मोर्चा संध्याकाळी संपतो. संस्था उरते, आकडे काढत राहते, पत्रकारांना माणसं पुरवते आणि काही वर्षांनी वणवे पेटतात तेव्हा बोलायला तयार असते. पुढे नेमकं तसंच झालं.

दुसरी प्रतिक्रिया घरांच्या छपरांवर दिसत होती. सरकारनं 2015 मध्ये अक्षय ऊर्जेचं 2020 सालचं उद्दिष्ट 41,000 गिगावॅट-तासांवरून 33,000 वर आणलं. त्याआधीच्या अनिश्चिततेत मोठ्या पवन आणि सौर प्रकल्पांची गुंतवणूक जवळपास थांबली होती. घरगुती सौर पॅनल मात्र बसतच राहिले. 2021 अखेर तीस लाखांहून जास्त ठिकाणी ते बसले होते. यातल्या प्रत्येकाला हवामानाची काळजी होती असं नाही. पुष्कळांना फक्त बिल कमी करायचं होतं. पण ज्याच्या छपरावर पॅनल आहे त्याला ‘सूर्याच्या विजेवर देश चालत नाही’ हे पटवणं अवघड जातं.

आणि धोरण जाण्याचा परिणाम? बिलं खरोखर उतरली. सप्टेंबर 2014 च्या तिमाहीत विजेच्या किमतीत 5.1 टक्के घट नोंदली गेली. हवेत काय झालं ते बिलावर येत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार त्या दोन वर्षांत कार्बनच्या किमतीमुळे वीजक्षेत्राचं उत्सर्जन 1.1 ते 1.7 कोटी टनांनी कमी झालं होतं. ती किंमत गेल्यावर कोळशाची वीज पुन्हा वाढली. नंतर आणलेल्या योजनेत प्रदूषण कमी करणाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पैसे दिले जाऊ लागले. त्यासाठी 2.55 अब्ज डॉलर बाजूला काढले. आधी प्रदूषण करणारा पैसे भरत होता, आता करदाता भरू लागला.

लोकमताचा थर्मोस्टॅट

आता आठ वर्षांच्या विलंबाकडे वळू. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ क्रिस्टोफर व्लेझियन यांनी 1995 मध्ये लोकमताची तुलना थर्मोस्टॅटशी केली. आपल्या घरच्या गीझरमध्ये तो असतो. पाणी ठरलेल्या तापमानापेक्षा थंड झालं की गीझर चालू होतो, जास्त तापलं की बंद होतो. व्लेझियन यांचं म्हणणं असं की सरकार एखाद्या विषयात लोकांना हव्या त्या पातळीच्या पुढे गेलं की ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढते. सरकार मागे हटलं की ‘अजून करा’ म्हणणारे वाढतात. लोकांचे विचार फारसे बदललेले नसतात. बदललेलं असतं ते लोकांच्या अपेक्षेपासूनचं सरकारचं अंतर.

सिडनीची लोवी इन्स्टिट्यूट ही संस्था बरीच वर्षं एक प्रश्न विचारत आली आहे. मोठा खर्च सोसावा लागला तरी तापमानवाढीविरुद्ध आत्ताच पावलं उचलावीत, असं किती जणांना वाटतं? 2006 मध्ये असं 68 टक्क्यांना वाटत होतं. तेव्हा देश मोठ्या दुष्काळात होता आणि सरकार फारसं काही करत नव्हतं. 2012 मध्ये, म्हणजे कार्बनची किंमत लागू होत असताना, हा आकडा 36 वर आला. मग सरकारनं धोरणं मागे घ्यायला सुरुवात केली आणि आकडा चढू लागला: 2014 मध्ये 45, 2019 मध्ये 61.

या चढउताराचं सगळं श्रेय थर्मोस्टॅटला देता येणार नाही. 2010-11 मध्ये दुष्काळ संपून पूर आले, जागतिक मंदीनं लोकांना नोकरीची चिंता लागली, आणि अ‍ॅबट यांचा प्रचार जबरदस्त होता. तरी 2014 नंतर आकडा वर्षामागून वर्ष चढत गेला, हे या सिद्धांताशी जुळतं. कर रद्द होताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या अनेकांना कर नको होता. ‘काहीच नको’ असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

गीझरच्या थर्मोस्टॅटमध्ये नसलेली एक अडचण लोकमतात असते. पाणी थंड झाल्याचं थर्मोस्टॅटला लगेच कळतं. धोरण पातळ झाल्याचं लोकांना कळायला वर्षं लागतात, कारण ते कळवणारं काही घरी येत नाही.

राग होता, तरी सरकार जिंकलं

ऑगस्ट 2018 मध्ये लिबरल पक्षाचेच पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी वीजक्षेत्रासाठी उत्सर्जनाचं बंधन घालू पाहणारी योजना पुढे रेटली. पक्षातल्या बंडापुढे त्यांनी आधी ती सोडली, मग पदही गमावलं. ऑक्टोबरात त्यांच्या वेंटवर्थ या सिडनीतल्या श्रीमंत मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि लिबरल पक्ष सुमारे 19 टक्के मतं गमावून अपक्ष उमेदवाराकडून हरला. नोव्हेंबरात शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. नवे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी मुलांना शाळेत शिका, आंदोलनं कमी करा, असं सुनावलं. तरी पुढच्या मोर्चांना गर्दी वाढली.

मे 2019 ची निवडणूक ‘हवामानाची निवडणूक’ ठरणार असं वृत्तपत्रं लिहीत होती. मॉरिसन जिंकले.

इथे भारताचा थेट संबंध येतो. क्वीन्सलंडमध्ये अदानी समूहाची कारमायकल कोळसा खाण होऊ घातली होती. तिला विरोध करण्यासाठी ग्रीन्स पक्षाचे जुने नेते बॉब ब्राउन यांनी दक्षिणेकडून खाणपट्ट्यापर्यंत गाड्यांचा ताफा नेला. खाणकामगारांच्या गावांना वाटलं, शहरातले सुखवस्तू लोक आपल्या पोटावर पाय द्यायला आले आहेत. त्या पट्ट्यात मजूर पक्षाची मतं कोसळली. उद्देश कितीही प्रामाणिक असला तरी त्या कामगाराला दुसरी नोकरी कुठे मिळेल हे न सांगता केलेला विरोध उलटतो. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे आणि चळवळी तो वारंवार विसरतात.

त्याच निवडणुकीत सिडनीच्या वॉरिंगामध्ये पंचवीस वर्षं खासदार असलेले टोनी अ‍ॅबट अपक्ष उमेदवार झाली स्टेगल यांच्याकडून हरले. देश एकाच वेळी दोन दिशांना मतदान करत होता.

धूर

2019-20 च्या उन्हाळ्यातले वणवे आपल्याकडेही टीव्हीवर दिसले. सिडनी-मेलबर्नमधल्या नातलगांशी तेव्हा फोनवर बोललेल्या मराठी घरांना आठवत असेल की खिडक्या बंद करून बसल्याचं ते सांगत होते. कॅनबेरात 21 डिसेंबरचा बिग बॅशचा सामना धुरामुळे अर्ध्यावर सोडून द्यावा लागला. आगीत 33 माणसं गेली, तीन हजारांहून जास्त घरं जळाली. धुरामुळे झालेले जादा मृत्यू एका वैद्यकीय अभ्यासानं 417 इतके मोजले.

अग्निशमन दलांच्या 23 माजी प्रमुखांनी एप्रिल 2019 मध्येच सरकारला धोक्याचा इशारा देऊन पंतप्रधानांची भेट मागितली होती. ग्रेग मुलिन्स त्यांचे प्रवक्ते होते. भेट मिळाली नाही. डिसेंबरात वणवे पेटलेले असताना मॉरिसन सहकुटुंब हवाईत सुट्टीवर गेले. जानेवारीत ते जळालेल्या कोबार्गो गावात गेले तेव्हा तिथल्या काही लोकांनी त्यांच्याशी हात मिळवायला नकार दिला.

एका देशाच्या कार्बन करामुळे तो उन्हाळा टळला असता, असं कुणी जबाबदार शास्त्रज्ञ म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाचा जागतिक उत्सर्जनातला वाटा लहान आहे. पण आतापर्यंत ज्याचं बिल कधी येत नव्हतं, ते नुकसान प्रथमच घरोघरी पोहोचलं, शहरातल्या सुखवस्तू वस्त्यांमध्येही.

मतपेटीपर्यंतची वाट

नुसता राग सरकार बदलत नाही. त्याला जायला वाट लागते. लिबरल पक्षाला पिढ्यान् पिढ्या मत देणारी माणसं रागावली तरी मजूर पक्षाला मत देणार नव्हती. 2022 मध्ये त्यांच्यासमोर वेगळा पर्याय आला: डॉक्टर, पत्रकार, व्यावसायिक अशा स्थानिक स्त्रिया, आर्थिक बाबतीत मवाळ उजव्या, हवामानाच्या बाबतीत ठाम. ‘क्लायमेट 200’ या निधीनं त्यांना पैसा पुरवला, स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन प्रचार केला.

ऑस्ट्रेलियाच्या मतदानपद्धतीनं त्यांना हात दिला. तिथे मतदान सक्तीचं आहे आणि मतदार सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम देतो. सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे मजूर आणि ग्रीन्स पक्षाच्या मतदारांची मतं शेवटी या अपक्षांकडे वळली. आपल्याकडच्या, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला, अशा पद्धतीत हे इतक्या सहज झालं नसतं.

अशा सहा नव्या अपक्ष निवडून आल्या. मेलबर्नचा कूयाँग हा एके काळी पंतप्रधान मेन्झीस यांचा मतदारसंघ. तिथे विद्यमान अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग हरले आणि मेंदूविकारतज्ज्ञ मोनिक रायन जिंकल्या. मजूर पक्षानं सरकार बनवलं आणि सप्टेंबर 2022 मध्ये उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत 43 टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट कायद्यात घातलं.

पुढे काय?

नव्या सरकारनं कार्बन कराचं नाव पुन्हा काढलं नाही. मोठ्या कारखान्यांवर उत्सर्जनाची मर्यादा घालण्याचा मार्ग त्यांनी घेतला. त्याची ओळ कुणाच्या बिलावर येत नाही. कॅनडानं कराचे पैसे ठळकपणे लोकांच्या खात्यात जमा करून पाहिले, तरी एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरची ती आकारणी बंद झाली. भरपाई दाखवली की काम झालं, इतकं हे सोपं नाही. पण न दाखवणं त्याहून वाईट, असं ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगतो.

मे 2025 च्या निवडणुकीत विरोधी आघाडी 43 जागांवर आली. त्याच वेळी अपक्षांच्या हातातला मेलबर्नचा गोल्डस्टीन मतदारसंघ थोडक्या मतांनी लिबरल पक्षाकडे परत गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या पक्षानं 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्टच सोडून दिलं, आणि कारण तेच दिलं: विजेचं बिल. हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत शहरांमध्ये पुन्हा मोजावी लागेल असंही वाटतं. ऑस्ट्रेलियाचे मतदार त्यावर 2028 पर्यंत होणाऱ्या निवडणुकीत मत देतील.